केसाला धक्का न लावता

लिहून घ्या, बाद्रीसाहेब.
नाव नानुली, वय अडुसष्ट, धंदा धुणं.
पत्ता: त्स्काल्तुबोचं बंद आरोग्यधाम,
जिथं एके काळी मॉस्कोचे गुडघे बरे व्हायला यायचे.
आता शेळ्या येतात. आणि मी.

मार्चमध्ये हिंदी सिनेमा आला.
दरोड्याचा. हसवणारा, असं म्हणाले.
गोष्ट न्याहारीला ठरायची,
दुपारच्या जेवणापर्यंत नासायची.
लेखक सात, पेन एक,
ते निर्मात्याच्या भाच्याच्या खिशात.
हिरोची आई हिरोहून नऊ वर्षांनी लहान.
हसू नका, ती पोरगी रोज पांढरे केस चिकटवताना रडायची.
आमच्या कारंज्याच्या दालनाची स्विस बँक झाली,
तिजोरीत पन्नास मुली नाचल्या,
सोन्याच्या विटा थर्माकोलच्या;
एक शेळीनं खाल्ली,
तिची भरपाई आमच्याकडे मागितली.

आम्ही गावचे त्रेचाळीस जण. काम: गर्दी.
बोली दिवसाला चाळीस लारी.
आणि एकोणीस दिवस तो खेत्रपाल मॅनेजर
कानातला फोन न काढता म्हणायचा, 'कल.'

पोरवयात कुताइसीच्या थेटरात
मी त्यांचे सिनेमे रुमाल पिळून पाहिलेत, साहेब.
त्यातून चार शब्द उरले:
आई, पाणी, बदला, आणि हा.
फार उशिरा कळलं,
त्यांच्यात कालला आणि उद्याला
शब्द एकच.

आम्ही व्हरांड्यात कपडे बदलायचो, थंडीत.
हिरोच्या टोपाला मात्र स्वतंत्र खोली,
हीटर, उशी, दाराशी माणूस.
पैसा केशतेलाच्या कंपनीचा होता ना.
हिरो नसता तरी भागलं असतं,
केस हवेत.

योजना कुणाची?
दिग्दर्शकाची.
तोच भोंग्यातून ओरडायचा,
'सगळ्यांनी सोन्याकडे बघा!
धोबिणीकडे कुणी बघायचं नाही!'
धोबीण मीच.
टोपली घेऊन डावीकडून उजवीकडे जायचं, बस.
अकरा टेक झाले.
बाराव्याला टॉवेलांखाली तो होता,
ऊबदार, निजलेल्या मांजरासारखा.
दिग्दर्शक म्हणाला, 'ओके!
आत्ता कुठं हिच्या चालण्यात खरेपणा आला.'

त्यांनी आम्हाला टोपी घातली,
आम्ही त्यांचा टोप काढला.
हिशेब एवढाच.

चिठ्ठी एक दिवस उशिरा का गेली, विचारताय?
तेही लिहा.
त्या रात्री सहा नंबरच्या कुंडात कुणीतरी होतं.
हिरो. एकटाच. गळ्यापर्यंत कोमट पाण्यात,
डोकं सोललेल्या अंड्यासारखं,
माझ्या नवऱ्याचं होतं, अगदी तसं.
टोपली माझ्या कमरेवर,
आणि टॉवेलाच्या कडेतून
एक काळी बट बाहेर लोंबत होती.
त्यानं बटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, 'पाणी.'
तो हसला. पडद्यावर हसतो तसा नव्हे,
दात कमी, सुरकुत्या जास्त.
ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाला, 'कल.'

एकोणीस दिवसांत
पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा अर्थ लागला.
दुसरा पूर्ण दिवस तो पाण्यातच होता.
बाहेर खेत्रपाल धावत होता,
कंपनीचे फोन वाजत होते,
सात लेखक पहिल्यांदाच एकत्र बसून
काहीतरी खरं लिहीत होते: माफीनामा.

मग गुरामीनं चिठ्ठी सरकवली.
दोन तासांत बिस्किटांच्या डब्यातून युरो निघाले.
त्रेचाळीस जणांचे, एकोणीस दिवसांचे,
वर एक लारी नाही.
टोप परत केला, धुऊन, विंचरून,
केसाला धक्का न लावता.

गुन्हा लिहायचा तर लिहा,
पण साथीदारांच्या रकान्यात त्याचंही नाव घाला,
त्याला बरं वाटेल.

आणि पुरावा म्हणाल, तर सिनेमा लागेल तेव्हा जा.
तिजोरीचा सीन, मी डावीकडून उजवीकडे,
चोरीचा माल कमरेवर, भर उजेडात.
पण तुम्हाला दिसायची नाही मी.
तुम्हीही सोन्याकडेच बघाल.